किल्ली दिली म्हणजे घर दिले काय?

मालाडहून मार्व्याला यावे, तेथे खाडीच्या काठी बोटीत बसावे, की थोड्याच मिनिटांत मनोरीचा धक्का लागतो. भाईंदर-उत्तनवरून गाडीरस्ताही आहे, परंतु त्याचा वळसा मोठा. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीचे हे गाव मुंबई उपनगर जिल्ह्यातच मोडते. पण मधल्या पाण्याच्या पट्ट्याने ते शहरापासून जरा अलग राहिले, आणि अलग राहिले म्हणूनच शहरातली माणसे तेथे विसाव्याला जाऊ लागली. घरातल्या दोन खोल्या पलंग, कपाट, भांडीकुंडी यांसह पाहुण्याला देणे हा तेथील काही कुटुंबांचा जोडधंदा होऊन बसला आहे.

अशाच एका घराच्या मालकीणबाई काही दिवसांमागे आमच्याकडे आल्या. आमचे सारे आयुष्य दस्त लिहिण्यात गेले असल्यामुळे अशी माणसे आमच्याकडे येतात. एक युरोपीय अभ्यासक त्यांची जागा सामानसुमानासह वर्षभरासाठी मागत होता. भाडे ठरले होते, माणूसही बाईंना पसंत होता. अडले होते ते एका प्रश्नावर. "साहेब, चावी त्याच्या हातात दिली, म्हणजे घर दिल्यासारखं होतं काय?" असे त्यांनी विचारले. पुढल्या आठवड्यात आम्ही मनोरीला गेलो तेव्हा त्यांच्या ओट्यावर तो पाहुणाही भेटला. त्याचा प्रश्न निराळा होता. आपण परत जाऊ त्या दिवशी आपली अनामत आपल्याला मिळेल, याची हमी काय, असे तो विचारीत होता.

एकाच ओट्यावर बसलेली ही दोन माणसे एकमेकांना भीत होती, आणि दोघांच्याही भीतीला सबळ कारण होते. परदेशी माणसाचे बिऱ्हाड हा आपला विषय नव्हे, असे श्रोत्यांपैकी काहींना वाटेल. पण अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत अशी पुष्कळ कुटुंबे आहेत की ज्यांचा एखादा ब्लॉक रिकामा आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांचा मुलगा किंवा मुलगी बर्लिनला नाही तर लंडनला, कोणा परक्याच्या घरात, परक्याच पलंगावर झोपते आहे. हा विषय आपल्या घरात दोन्ही दारांनी शिरलेला आहे.

प्रथम मालकीणबाईंचा प्रश्न घेऊ. किल्ली दिली म्हणजे घर दिले ही समजूत मुंबईत नुसत्या भ्याडपणातून आलेली नाही. तिला इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात जागांची टंचाई झाली तेव्हा १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तर गर्दीला पारावार राहिला नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण धरले आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याची कारणे मोजकी ठेवली. त्या काळी हे आवश्यकच होते. कायदा नसता तर गिरणीतला कामगार, कचेरीतला कारकून आणि फाळणीने उखडला गेलेला निर्वासित यांना मालकांनी रस्त्यावर उभे केले असते. आज त्या कायद्याला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले पाहिजे की, आपल्यापैकी अनेकांचे आईबाप त्याच कायद्याच्या आसऱ्याने चाळीत टिकले.

परंतु टंचाईच्या वर्षांसाठी केलेला कायदा पन्नास वर्षे टिकला, आणि भाडे मात्र १९४० च्या खुंटीला बांधलेले राहिले. भाडेकरूच्या माघारी त्याच्या घरातल्यांना जागेचा हक्क मिळे. त्यामुळे मालकाला भाडे नाममात्र आणि जागा परत मिळण्याची आशा त्याहून नाममात्र, अशी स्थिती झाली. त्यातून पागडी बोकाळली. ज्याला पागडी घ्यायची नव्हती, किंवा ती घेण्याइतके धैर्य नव्हते, तो घराला कुलूप लावून बसू लागला. लाखो माणसे जागेसाठी वणवण करीत असता त्याच शहरात कुलपे लागलेली घरे असावीत, हा चमत्कार मुंबईने पुष्कळ वर्षे पाहिला.

कायद्यातून वाट काढणारी माणसे कोठेही असतातच. वकिलांनी १८८२ च्या सुखाधिकार कायद्याकडे बोट दाखवले. त्या कायद्याच्या ५२ व्या कलमात 'लायसन्स' म्हणजे काय ते सांगितले आहे. दुसऱ्याच्या मिळकतीत एखादी गोष्ट करण्याची नुसती परवानगी, जी नसती तर ते कृत्य बेकायदेशीर झाले असते, पण जिच्यामुळे मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, तिला लायसन्स म्हणावे. भाडेपट्ट्याने जागेतला एक हक्क भाडेकरूकडे जातो. परवानगीने काहीच जात नाही. आपण शेजाऱ्याला आपल्या विहिरीचे पाणी भरू देतो म्हणून विहीर त्याची होत नाही, तसेच हे. 'लीव्ह अँड लायसन्स' हा आज घरोघरी ऐकू येणारा शब्दप्रयोग येथून निघाला.

येथे श्रोते विचारतील, की मग कागदावर 'लायसन्स' असे लिहिले की झाले? तसे नाही. दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील काही जागा एका केशकर्तनकाराला धंद्यासाठी दिलेली होती, आणि तिच्याविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५९ सालच्या त्या निकालात करारावर लायसन्सचे नाव असूनही तो व्यवहार भाडेपट्ट्याचाच आहे असे ठरले. न्यायालय कागदाचे नाव पाहत नाही, उभयतांचा हेतू पाहते. आणि जागेचा अनन्य ताबा कोणाकडे आहे ही त्या हेतूची मोठी खूण असते. मनोरीच्या मालकीणबाईंनी कायद्याचे एकही पुस्तक न वाचता नेमक्या याच खुणेवर बोट ठेवले होते. खोलीची किल्ली एकट्या पाहुण्याच्या खिशात असेल तर ताबा त्याचाच म्हणायचा ना?

मालकांच्या मनातली भीती पक्की झाली ती मात्र १९७३ साली. त्या वर्षी राज्य सरकारने १९४७ च्या कायद्यात दुरुस्ती केली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जे जे कोणी जागेत राहत होते त्यांना एका फटक्यात भाडेकरू ठरवले. हेतू वाईट नव्हता. लायसन्सच्या नावाखाली भाडेकरूंचे हक्क बुडवले जात होते हे खरेच होते. पण ज्याने कोणावर तरी विश्वास टाकून, वर्षभरासाठी म्हणून, आपला ब्लॉक दिला होता, त्याला एके सकाळी कळले की आपण आता कायमचे घरमालक आणि समोरचा कायमचा भाडेकरू. मुंबईच्या मध्यमवर्गाने ही गोष्ट मुलाबाळांना सांगून ठेवली. कायदा बदलला तरी गोष्ट बदलत नाही, म्हणून आजही पुष्कळ घरांना कुलपे आहेत.

कायदा मात्र बदलला आहे, आणि तो कसा हे नीट समजून घेण्यासारखे आहे. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रमाणभाडे असे गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. पुढे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ तयार झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने बव्हंशी ठेवले, पण परवानगीने राहणाऱ्यासाठी वेगळी वाट काढून दिली. २४ व्या कलमाप्रमाणे राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की घर परत करावयाचे. न केल्यास मालकाने दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे खेपा घालण्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. राहणाऱ्याला हरकत घ्यावयाची असेल तर तीस दिवसांच्या आत परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी ठरल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई पडते. सर्वांत महत्त्वाचे असे की, लेखी करारात जे तथ्य नमूद केले असेल त्याचा तो करार हाच निर्णायक पुरावा मानावयाचा. १९५९ च्या निकालाने जो संशयाला वाव ठेवला होता, तो लेखी कागदाने असा बुजवला गेला. म्हणून मालकीणबाईंना आम्ही सांगितले की, बाई, तुम्ही चावी द्या, पण आधी कागद करा.

कागद करा, एवढ्याने मात्र भागत नाही. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टंकलिखित करार, खाली दोन सह्या आणि नोटरीचा शिक्का एवढ्यावर समाधान मानण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. त्याच्या जोडीला 'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' ही दुसरी समजूत. ही समजूत कोठून आली ते सांगतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून मुदत अकरा महिने ठेवण्याची रीत साऱ्या देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने ती वाट बंद केली. येथे भाड्याचा किंवा लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीनच महिन्यांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि याहून जड शिक्षा अशी की, करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. घर जाईल या भीतीने जो नोंदणी टाळतो तो आपल्याच हाताने आपली बाजू दुबळी करून घेतो.

खर्चाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सवर मुद्रांक शुल्क शेकडा पाव आहे. हिशेब असा. समजा, महिना ४०,००० रुपये, मुदत १२ महिने आणि परत करावयाची अनामत २,००,००० रुपये. वर्षाचे झाले ४,८०,०००, अनामतीवर दहा टक्क्यांनी वर्षाचे व्याज धरतात, ते २०,०००, एकूण ५,००,०००. त्यावर पाव टक्का म्हणजे १,२५० रुपये. महापालिकेच्या हद्दीत नोंदणीचे १,००० वेगळे. घरातला एक पंखा दुरुस्त करायला याहून फार कमी लागते असे नाही.

परदेशी पाहुण्याच्या बाबतीत एक अडचण तेवढी येते. घरबसल्या होणारी नोंदणी आधार क्रमांकावर आणि अंगठ्याच्या ठशावर चालते, आणि नुकत्याच आलेल्या परदेशी माणसाकडे आधार नसते. अशा वेळी उभयतांनी पासपोर्ट व व्हिसा घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत समक्ष जावे. दलाल मंडळी 'साहेब परदेशी आहेत, यांची नोंदणी होत नाही' असे सांगून मोकळी होतात. ते खरे नाही, त्यांना फक्त अर्धा दिवस मोडायचा नसतो.

मालकावर आणखी एक जबाबदारी येते, आणि ती विसरणे फार महागात पडते. परदेशी माणूस घरी राहावयास आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. हे काम आता संगणकावरूनच होते. पुष्कळ वर्षे हे '‍सी फॉर्म' या नावाने १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याखाली चालत असे. तो कायदा आणि त्याच्या जोडीचे जुने कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अॅक्ट, २०२५ लागू झाला आहे; पण जागा देणाऱ्याने कळवावयाचे हे तत्त्व कायम आहे. हॉटेलवाले हे रोज करतात. घरवाल्यांना वाटते की हा नियम हॉटेलचा, आपला नव्हे. शिवाय मुंबईचे पोलीस आयुक्त वेळोवेळी आदेश काढतात, त्याप्रमाणे कोणताही नवा भाडेकरू ठेवला की पोलिसांना कळवावे लागते. व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर सामान्यतः पाहुण्यानेही आल्यापासून चौदा दिवसांत स्वतःची नोंदणी करावयाची असते, आणि तेथे त्याला पत्त्याचा पुरावा मागतात. मालकाने करार नोंदवला नसेल, माहिती कळवली नसेल, तर त्या बिचाऱ्याचा व्हिसा वाढवण्याचे काम अडते. म्हणजे मालकाच्या आळसाची शिक्षा पाहुण्याला!

सोसायटीत जागा असेल तर सोसायटीला कळवावे, कराराची प्रत द्यावी. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते तो सेवा-आकाराच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा सरकारी नियम २००१ पासून आहे. काही सोसायट्यांत या निमित्ताने भलतीच चौकशी चालते. पाहुणा कोणत्या देशाचा, काय खातो, कोणत्या रंगाचा, हे विचारले जाते. गोऱ्या इंजिनियराला ज्या जिन्यावरून आदराने वर नेतात त्याच जिन्यावरून आफ्रिकेतल्या विद्यार्थ्याला 'जागा नुकतीच गेली' म्हणून परत पाठवतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. याला कायद्याचा कोणताही आधार घेऊन समर्थन करणे आम्हांला शक्य नाही आणि करावयाचेही नाही.

आता पाहुण्याचा प्रश्न. त्याला घर नको होते; त्याला आपले पैसे परत हवे होते. आणि येथे मालकीणबाईंनी, आम्ही न विचारता, एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे असाच एक परदेशी राहून गेला होता. कागद काहीच नव्हता. तो जाताना कपाटाचे दार लोंबत होते, गादीला बुरशी आली होती आणि पंख्याची पाती गंजली होती. बाईंच्या मुलाने अनामतीतले पंचवीस हजार कापून घेतले. तो माणूस भांडला नाही. त्याच दिवशी त्याचे विमान होते. "पैसे घेतले खरे," बाई म्हणाल्या, "पण गादी तर त्याच्या आधीच्या पावसापासूनच तशी होती की काय, ते मला अजून आठवत नाही."

सामानासह दिलेल्या घराचे सारे मर्म या एका वाक्यात आहे. घराच्या भिंती कोणी उचलून नेत नाही. तंटा होतो तो गादीवरून, कपाटावरून, शीतकपाटावरून. कायद्याला हे ठाऊक आहे. १९४७ च्या आणि १९९९ च्याही कायद्यात 'जागा' या शब्दाच्या व्याख्येतच मालकाने वापरासाठी दिलेले फर्निचर घातलेले आहे. त्यामुळे घराचे भाडे थोडे आणि खुर्च्यांचे भाडे वेगळे, या युक्तीला वाव उरत नाही. पलंग हा कायद्याच्या दृष्टीने घराचाच भाग. मग घराचे क्षेत्रफळ चौरस फुटांत लिहिणारे आपण, पलंगाविषयी 'फर्निचरसह' एवढाच एक शब्द लिहून का थांबतो?

आम्ही सुचवतो ते असे. करारासोबत एक यादी जोडावी आणि तिच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असाव्यात. यादीत नुसती नावे नकोत, अवस्था हवी. 'कपाट एक' असे लिहू नये. 'सागवानी कपाट एक, डावे दार खालच्या बिजागरीत सैल, आरसा शाबूत' असे लिहावे. गादी किती वर्षांची, तिच्यावर डाग आहेत की नाहीत. पंखे किती, त्यांतला कोणता आवाज करतो. गॅसची शेगडी, सिलिंडर भरलेला की अर्धा. नळाला पाणी किती वाजता येते आणि साठवण्याची टाकी केवढी, कारण परदेशी माणसाला नळ सोडला की पाणी येते एवढेच ठाऊक असते. वीजमापकाचा त्या दिवसाचा आकडा. किल्ल्या किती आणि कोणाकडे. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र हल्ली कोणाही मुलाच्या खिशातल्या फोनवर निघते. ती छायाचित्रे त्याच दिवशी दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवावीत, म्हणजे तारीख आपोआप राहते.

मनोरीसारख्या ठिकाणी आणखी एक कलम आम्ही आवर्जून घालतो. समुद्राकाठची हवा खारी असते. तेथे लोखंड गंजते, लाकूड फुगते, चार महिने बंद ठेवलेल्या कपाटात कपड्यांना वास येतो. हे पाहुण्याने केलेले नुकसान नव्हे. म्हणून करारात असे लिहावे की, वापराने आणि हवामानाने होणारी स्वाभाविक झीज वगळता जे नुकसान होईल त्याचीच भरपाई अनामतीतून घ्यावयाची. 'स्वाभाविक झीज' हे दोन शब्द कराराच्या मोठ्या मसुद्यात लहान दिसतात, पण बाईंच्या पंचवीस हजारांचा सारा तंटा त्यांच्याच अभावी झाला होता. उलट गादीवर सिगारेटचे भोक पडले तर ती झीज नव्हे, हेही पाहुण्याला आधी सांगून ठेवलेले बरे.

अनामत किती असावी, याला आपल्या राज्याच्या भाडेनियंत्रण कायद्यात कमाल मर्यादा घातलेली नाही. केंद्र सरकारने २०२१ साली राज्यांपुढे भाडेकायद्याचा एक नमुना ठेवला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादा सुचवली आहे. मुंबईत त्याहून पुष्कळ अधिक रक्कम मागण्याची रीत आहे. रक्कम काहीही असो, ती चेकने किंवा बँकेमार्फतच द्यावी आणि तिचा आकडा करारात असावा. किल्ली परत करावयाची आणि अनामत परत द्यावयाची ती एकाच बैठकीत, समोरासमोर. 'पैसे मागाहून पाठवतो' ही भाषा नको. विमान सुटण्याच्या दिवशी हिशेब ठेवू नये, निदान चार दिवस आधी ठेवावा. परदेशी माणसाचे सारे दौर्बल्य त्या शेवटच्या दिवसात असते. तो कोर्टात जाणार नाही, कारण तो येथे असणारच नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असते.

आपली मुले याच दौर्बल्यात दुसऱ्या देशांत राहत आहेत. तेथील कायद्यांनी त्यावर काय उपाय केले ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याची मुभा आहे. नव्या घरी आल्यावर दोन आठवड्यांत नगरकचेरीत पत्ता नोंदवावा लागतो आणि मालकाने तसा दाखला द्यावाच लागतो. इंग्लंडमध्ये सामान्य घरासाठी पाच आठवड्यांच्या भाड्याइतकीच अनामत, आणि तीही नुसत्या मालकाच्या भरवशावर राहत नाही. तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करावी लागते. त्याच देशात २०१६ पासून भाडेकरूला तेथे राहण्याचा हक्क आहे की नाही हे घरमालकाने तपासावयाचे असते, तेव्हा परक्याची चौकशी करण्याचे ओझे घरमालकावर टाकणारा देश आपला एकटाच नाही.

पण सामानासह घर या बाबतीत फ्रेंचांची बरोबरी कोणी करणार नाही. २०१५ सालच्या एका हुकुमाने त्यांनी ठरवून टाकले की, सामानासह म्हणून घर द्यावयाचे तर त्यात निदान अकरा प्रकारच्या गोष्टी असल्याच पाहिजेत. अंथरूण-पांघरूण, झोपण्याच्या खोलीला उजेड अडवणारी दारे वा पडदे, शेगडी, भट्टी, शीतकपाट, ताटवाट्या, स्वयंपाकाची भांडी, टेबल-खुर्च्या, फळ्या, दिवे, आणि शेवटी घर झाडण्यापुसण्याचे साहित्य. झाडूसुद्धा कायद्यात! आम्ही प्रथम हे वाचले तेव्हा हसलो. मग मनोरीची गादी आठवली आणि हसू ओसरले. तेथे प्रवेशाच्या दिवशी आणि निघण्याच्या दिवशी घराची स्थिती दोघांनी मिळून लिहून काढावयाची असते, आणि दोन कागद शेजारी ठेवले की काय बिघडले ते कोणालाही दिसते. पॅरिसला जाणाऱ्या मुलाला आईबाप लोणच्याची बरणी देतात. त्याने तेथला तो पहिला कागद नीट वाचून मगच सही करावी, असेही सांगून ठेवावे.

एक शंका श्रोते हमखास काढतात. परदेशी माणूस उद्या जागा विकतच घेईल काय? परदेशात राहणाऱ्या परदेशी नागरिकाला आपल्या परकीय चलनविषयक कायद्याखाली सामान्यतः येथे स्थावर मिळकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मात्र चालतो. शिवाय चार-आठ दिवसांच्या पाहुण्याला खोली देणे ही वेगळी गोष्ट. तो लॉजिंगचा व्यवहार होतो आणि त्याचे परवाने वेगळे. तसेच मालक स्वतः त्याच घरात राहून एखादी खोली देत असेल तर राहणारा 'पेइंग गेस्ट' होतो, आणि त्याला कायद्यात निराळी व्याख्या आहे. मनोरीच्या बाई शेजारच्या घरात राहत होत्या, म्हणून त्यांच्या पाहुण्यासाठी लायसन्सचाच करार योग्य होता.

तो करार आम्ही लिहून दिला. मुदत बारा महिने. एक महिन्याची आगाऊ सूचना देऊन कोणालाही मोडता येईल, मात्र पहिले सहा महिने सोडून. यादी करण्यास जवळजवळ सारी दुपार गेली. पाहुणा एकेक वस्तू पाही आणि बाई तिची कुळकथा सांगत. पलंग सासऱ्यांच्या वेळचा, पाट्यावरवंट्याला हात लावू नये, तो वापरायचा नाही पण घरातून हलवायचाही नाही. आम्ही 'पाटावरवंटा एक, वापरासाठी नाही' अशी नोंद केली. नवी गादी आणावयाची की जुनीच ठेवावयाची यावर मायलेकांत थोडे वाजले. अखेर बाईंनी नवी आणवली, आणि जुन्या पाहुण्याचा पत्ता मुलाच्या फोनमध्ये अजून आहे काय, असे त्याला विचारले. पत्ता होता. पंचवीस हजारांतले किती परत पाठवायचे हे त्यांनी आम्हांला विचारले नाही, आणि आम्हीही सांगितले नाही. सह्या झाल्या, दुय्यम निबंधकाकडे जाण्याचा दिवस ठरला, आणि आम्ही मार्व्याच्या बोटीसाठी धक्क्याकडे निघालो.